चार रविवार, चार मैफली: ज्यू संगीतकारांची चेंबर म्युझिक मालिका कशी बसवावी

आकाशवाणीची संकेतधून ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर काउफमान ज्यू होता. १९०७ साली कार्ल्सबाडला जन्म, शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये तो मुंबईत आला आणि आल्या वर्षीच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन व्हायचं. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिन मेहतांचे वडील) आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. पुढे १९३७ ते १९४६ तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. तेव्हा अशी मालिका आज मुंबईत किंवा पुण्यात करायची म्हटली, तर ते कुठून तरी उचलून आणलेलं खूळ नाही. इथे हे होऊन गेलंय.

चेंबर म्युझिक म्हणजे दोन ते आठ-नऊ वादकांचं संगीत. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र भाग, समोर कंडक्टर नाही, आणि ऐकणारे इतके जवळ की वादकाचा श्वासही ऐकू यावा. ऑर्केस्ट्रा उभा करायला संस्था लागते. याला चार चांगले वादक, एक बरा हॉल आणि चिकाटीची दोन-तीन माणसं पुरतात. पुढची आखणी मुंबई-पुणे डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. परदेशातल्या मंडळींना काय बदलावं लागेल, ते ओघात येईलच.

आधी यादीचा प्रश्न सोडवा

ज्यू संगीतकार म्हणून कोणाला धरायचं? फेलिक्स मेंडेल्सोनचा १८१६ सालीच, सातव्या वर्षी, बाप्तिस्मा झाला होता. तो आयुष्यभर ख्रिस्ती म्हणून जगला, तरी नाझींनी त्याचं संगीत बंद पाडलंच. एर्नेस्ट ब्लोखने जाणूनबुजून ज्यू प्रार्थनेचे स्वर आपल्या संगीतात आणले. एर्विन शुल्होफला जॅझचं वेड होतं, पुढे तो कम्युनिस्ट झाला. अमेरिकन गर्शविनला ब्रॉडवेच्या संगीतनाटकांचं. या चौघांचं संगीत शेजारीशेजारी ऐकलं, तर एकाच घराण्याचं आहे असं कोणी म्हणणार नाही. तसं म्हणायचा आग्रहही आपण धरू नये.

यामागे एक कडू इतिहास आहे. १९३३ ते १९४१ या काळात जर्मनीत ज्यू कलाकारांची 'कुल्टुरबुंड' नावाची संस्था नाझींच्या देखरेखीखाली चालत होती. वादक ज्यू, श्रोतेही फक्त ज्यू. हळूहळू तिथे जर्मन संगीतकार वाजवायला बंदी आली. आधी बीथोवन गेला, ऑस्ट्रिया गिळल्यावर मोझार्टही गेला. म्हणजे 'फक्त ज्यू संगीतकारांची मैफल' ही कल्पना एके काळी कुंपण म्हणून वापरली गेली आहे. म्हणून माझा पहिला नियम असा: प्रत्येक मैफलीत एक रचना बिगर-ज्यू संगीतकाराची ठेवा, आणि ती उगाच भर म्हणून नव्हे, तर बाकीच्या रचनांशी जिचं खरंच नातं आहे अशी. आपल्या बोलण्यात तिला 'शेजारी' म्हणू.

यादी करताना आणखी एक खबरदारी घ्या. माक्स ब्रुखचं 'कोल निद्रे' (१८८०) ज्यू संगीताच्या बहुतेक याद्यांत दिसतं. सूर ज्यूंच्या प्रार्थनेतला आहे, पण ब्रुख प्रोटेस्टंट होता. शेजारी म्हणून तो उत्तम. ज्यू संगीतकार म्हणून मात्र पत्रिकेत छापू नका, प्रेक्षागृहातला जाणकार पहिल्या मध्यंतरातच तुम्हाला गाठेल.

चार मैफलींचा आराखडा

एका मैफलीत संगीत साधारण ६० ते ७० मिनिटं, मध्ये एक मध्यंतर. त्याहून जास्त नको. नवा श्रोता दीड तासानंतर घड्याळ बघायला लागतो.

पहिली मैफल मेंडेल्सोन भावंडांची करा. फेलिक्सची बहीण फानी हेन्सेल बर्लिनच्या आपल्या घरी रविवारी मैफली भरवायची, आणि घरगुती मैफलीचा इतका चांगला दाखला दुसरा सापडणार नाही. तिचं १८३४ चं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोलिनहून थोडं मोठं व्हिओला आणि चेलो) सुमारे २० मिनिटांचं आहे, भावाचा डी मायनर पियानो ट्रिओ (ओपस ४९, १८३९) सुमारे अर्ध्या तासाचा. सुरुवातीला इटलीतल्या मांतुआच्या सालोमोने रॉसीची एखादी छोटी रचना घ्या, दोन व्हायोलिन आणि खालचा आधार स्वर देणारं एखादं वाद्य पुरे. सतराव्या शतकाच्या आरंभीचं हे संगीत वाजवायला फार कठीण नाही, आणि ज्यू संगीतकारांची गोष्ट मेंडेल्सोनच्या दोनशे वर्षं आधी सुरू होते हे श्रोत्याला न सांगता कळतं. शेजारी अर्थातच बाख. त्याचं विस्मृतीत गेलेलं 'सेंट मॅथ्यू पॅशन' विशीतल्या फेलिक्सने १८२९ मध्ये बर्लिनला पुन्हा सादर केलं होतं. इथे बाखची चेलोवरची एखादी छोटी चाल पुरेल.

दुसरी मैफल लोकसुरांची. १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ज्यू लोकसंगीतासाठी एक मंडळ स्थापन झालं. गावोगावच्या ज्यू वस्त्यांतले सूर गोळा करायचे आणि त्यांवर नव्या रचना बांधायच्या, हा त्यांचा उद्योग. योसेफ आख्रोनची व्हायोलिनसाठीची 'हिब्रू मेलडी' (१९११) त्यातूनच आली. जोडीला ब्लोखच्या दोन रचना घ्या: चेलो-पियानोसाठी 'फ्रॉम ज्यूइश लाइफ' (१९२४) आणि व्हायोलिन-पियानोसाठी 'बाल शेम' (१९२३). दोन्ही प्रत्येकी तीन छोट्या तुकड्यांच्या आहेत आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पटकन भिडतात. शेजारी प्रोकोफिएव्ह. त्याचं 'ओव्हर्चर ऑन हिब्रू थीम्स' (१९१९) क्लॅरिनेट, पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठी आहे, आणि ते त्याने न्यूयॉर्कमध्ये आलेल्या ज्यू वादकांच्या संचासाठी लिहिलं होतं.

तिसरी मैफल प्राग आणि टेरेझिनची. हिच्यासाठी सर्वांत जास्त विचार लागतो, म्हणून तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो.

चौथी मुंबईची, म्हणजे काउफमानची. टोरांटोच्या एआरसी एन्सेंबलने त्याच्या चेंबर रचनांची एक ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये काढली आहे. तीत दोन स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन-पियानोच्या रचना आणि एक सेप्टेट (सात वादकांची रचना) आहे. आधी ती ऐका, मग आपल्या वादकांच्या आवाक्यातलं निवडा. शेजारी म्हणून इथे पाश्चात्त्य संगीतकार शोधूच नका. हिंदुस्थानी व्हायोलिन किंवा सारंगी वाजवणाऱ्याला बोलवा आणि वीस मिनिटं शिवरंजनी वाजवायला सांगा, कारण संकेतधुनीचं नातं त्याच रागाशी सांगितलं जातं. फ्यूजन मात्र कटाक्षाने टाळा. क्वार्टेटवर तबला चढवला की दोन्हींची चव जाते.

टेरेझिनचं काय करायचं

टेरेझिन म्हणजे प्रागच्या उत्तरेचं एक जुनं लष्करी ठाण्याचं गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं तिथे आणली गेली. त्यांतली ३३,००० च्या आसपास तिथेच मेली, आणि जवळजवळ ९०,००० पुढे पूर्वेकडे पाठवली गेली. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे पाहुणे आले, तेव्हा गाव रंगवून-सजवून दाखवण्यात आलं. कैद्यांचं संगीतही त्या देखाव्याचा भाग होतं. हान्स क्रासा, पावेल हास, व्हिक्टर उल्मान आणि गिडिऑन क्लाइन या चौघांना १६ ऑक्टोबर १९४४ ला एकाच गाडीने ऑशविट्झला नेलं. पहिले तिघे तिथे पोचताच मारले गेले. क्लाइन जानेवारी १९४५ मध्ये फ्युर्स्टनग्रुबच्या छावणीत मेला. वय २५.

एवढं सांगितलं की श्रोते ऐकायच्या आधीच गहिवरतात, आणि नेमकं तेच व्हायला नको. क्लाइनचा स्ट्रिंग ट्रिओ (१९४४) ऐका. मधला भाग मोराव्हियन लोकगीतावरची व्हेरिएशन्स (एकाच सुराची बदलत जाणारी रूपं) आहेत आणि शेवटचा भाग चपळ, चावरा, नाचरा. कुठेही हंबरडा नाही. हे २४ वर्षांच्या अतिशय हुशार पोराचं काम आहे आणि तसंच ते ऐकलं जावं. म्हणून मेणबत्त्या नकोत, काळे पडदे नकोत, 'टाळ्या वाजवू नयेत' अशी सूचना तर नकोच. ट्रिओ ज्या तडफेने संपतो, त्यावर टाळी पडली तर पडू द्या.

क्रम असा लावा: आधी शुल्होफचे 'फाइव्ह पीसेस' (१९२३), मग शेजारी द्व्होर्झाक, त्याचं दोन व्हायोलिन आणि व्हिओलासाठीचं 'टेर्झेट्टो' (१८८७). लहानग्या शुल्होफमधली चमक द्व्होर्झाकनेच पहिल्यांदा हेरली होती. मध्यंतरानंतर क्रासाचं 'तानेत्स', म्हणजे नाच, आणि शेवटी क्लाइन. शुल्होफही छावणीतच मेला, पण टेरेझिनला नाही. बव्हेरियातल्या व्युल्झबुर्गच्या किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ मध्ये, क्षयाने. पत्रिका छापताना सगळ्यांना 'टेरेझिनचे संगीतकार' या एकाच शीर्षकाखाली कोंबू नका.

वादक जमवणं

चेंबर संगीतात गाडी अडते ती व्हिओलापाशी. व्हायोलिन शिकणारी मुलं शहरात पुष्कळ असतात, पियानोवाले त्याहून जास्त. व्हिओला वाजवणारा एखादाच, आणि तो सगळ्यांना हवा असतो. म्हणून तारखा व्हिओलावादकाच्या डायरीवरून ठरवा, हॉलच्या नाही. क्लॅरिनेटसाठी नौदलाच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेल्यांकडे चौकशी करा. गोव्यातल्या चर्चच्या परंपरेतून आलेले वादक मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांचं नोटेशन वाचन पक्कं असतं. मात्र डिसेंबरमध्ये ते सगळे नाताळच्या कामात बुडालेले असतात.

मानधन पहिल्याच फोनला सांगा, आणि त्यात तालमी धरल्या आहेत का तेही सांगा. चार मैफलींचा मिळून एकच आकडा ठरवला तर वादकाला बांधीलकी वाटते आणि आयत्या वेळी दांडी मारण्याचं प्रमाण घटतं. विद्यार्थी वादक असतील तर पहिल्या किंवा दुसऱ्या मैफलीत घ्या. तिसरी अनुभवी लोकांवरच सोपवा.

नोटेशन आणि हक्क

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तेही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, कॉपीराइट चालतो. रॉसी, मेंडेल्सोन भावंडं, आख्रोन (मृत्यू १९४३) आणि ब्लोख (१९५९) त्यातून मोकळे झाले. कोणाला फ्रेंच ज्यू संगीतकार दारियुस मियो घ्यावासा वाटला, तर तो (१९७४) २०३४ अखेरपर्यंत बांधलेला आहे, काउफमान (१९८४) २०४४ अखेरपर्यंत. युरोपात ६० ऐवजी ७० वर्षं, त्यामुळे ब्लोख आपल्याकडे मोकळा आणि बर्लिनमध्ये २०२९ संपेपर्यंत नाही. अमेरिकेत जुन्या रचनांचा हिशेब प्रकाशनाच्या सालावरून होतो, ९५ वर्षं. न्यू जर्सीतल्या मंडळींनी भारतीय नियम धरून चालू नये.

एक खाच इथे आहे. टेरेझिनमधल्या रचना संगीतकारांच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या, आणि मरणोत्तर प्रकाशित रचनेचा कॉपीराइट भारतात प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे १९४५ मध्ये ६० मिळवून मोकळं होता येत नाही. प्रकाशकाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर वादन केलं तर कायद्यात सवलत आहे, कलम ५२ मध्ये. तिकीट लावलं की ती गेली.

मोकळ्या रचनांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळतात, पण जुन्या स्कॅनमध्ये पानं गहाळ असतात, बोइंगच्या (गज कसा फिरवायचा त्याच्या) खुणा दुसऱ्याच कोणाच्या असतात. प्रत्येक पार्टची (एकेका वादकाच्या सुट्या प्रतीची) पानं मोजून बघा, शेवटच्या बारचा आकडा सगळ्या पार्टमध्ये सारखा आहे ना ते पाहा. विकतचे पार्ट परदेशातून यायला आणि कस्टममधून सुटायला वेळ लागतो, म्हणून मैफलीच्या तीन महिने आधी मागणी नोंदवा. ज्या रचना भाड्यानेच मिळतात, त्यांचं भाडं मैफलींच्या संख्येवर असतं. तालमीसाठी आधी पाठवतात का ते विचारून घ्या.

तारीख, हॉल, पियानो

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी साडेसहा. पावसाळ्यात करू नका. दमट हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, चेलोचे सांधे उकलतात, आणि एसीच्या थंड हॉलमध्ये आलेलं वाद्य पहिली वीस मिनिटं सुरात राहत नाही.

रविवार निवडायला आणखी एक कारण आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. कोकणात बेने इस्रायल लोकांना, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. त्यांच्यातल्या धर्मनिष्ठ मंडळींनी यावं असं वाटत असेल तर शनिवारची दुपार त्यांना देऊ नका. २७ जानेवारी हा होलोकॉस्टचा आंतरराष्ट्रीय स्मरणदिन आहे. त्या आठवड्यात तिसरी मैफल ठेवली तर प्रसिद्धी सहज मिळते. तरी मी ती थोडी अलीकडे घेईन, कारण त्या दिवशी भाषणं जास्त होतात आणि संगीत तोंडी लावायला उरतं.

हॉल ८० ते १५० खुर्च्यांचा. मोठ्या नाट्यगृहात क्वार्टेट हरवतं, आणि माइक लावला तर मग चेंबर म्युझिक कशाला? हॉल बघायला जाल तेव्हा पंखे चालू करा, एसी चालू करा, रस्त्याकडच्या खिडक्या उघडा आणि मधोमध उभं राहून एकाला टाळी वाजवायला सांगा. टाळीचा आवाज लगेच गिळला गेला तर पडदे आणि गालिचे काढता येतात का विचारा. मॅक्स म्युलर भवनासारख्या संस्था, शाळांची सभागृहं, चर्चचे हॉल ही नेहमीची ठिकाणं झाली. सिनेगॉगमध्ये करायचं मनात असेल, उदाहरणार्थ काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू (१८८४) किंवा पुण्याचं लाल देऊळ म्हणजेच ओहेल डेव्हिड (१८६७), तर आधी विश्वस्तांकडे जा. ती प्रार्थनेची जागा आहे हे विसरून चालणार नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं, बॅगा तपासल्या जातात, ओळखपत्र लागतं. २००८ च्या नरीमन हाउस हल्ल्यानंतर हा बंदोबस्त आला आहे, त्यावर कुरकुर करू नये. हॉल कुठलाही असला तरी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि तिकीट असेल तर कार्यक्रमाचा परवाना लागतो का ते व्यवस्थापकाला विचारा.

पियानो असल्याची खात्री फोनवर करू नका. जाऊन वाजवून बघा: ८८ पट्ट्या एकेक करून, मग दोन्ही पेडल. ट्यूनरला मैफलीच्या दिवशी दुपारी बोलवा आणि ए-४४० ला (ए सूर ४४० हर्ट्झवर) लावायला सांगा. पियानो इतका उतरलेला असेल की एका बैठकीत वर येणार नाही, तर ट्यूनर आधीच सांगतो. मग दोनदा बोलवावं लागतं, त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा.

तालमी

एका मैफलीसाठी तीन तासांच्या किमान चार तालमी, त्यातली शेवटची हॉलमध्येच. शुल्होफसाठी जास्त ठेवा. पहिला तुकडा व्हिएन्नीज वॉल्ट्झ आहे, पण लिहिलाय तीनच्या नव्हे, दोनच्या मापात. नाच तीनचा ऐकू येतो आणि कागद दोनचं सांगतो. पहिल्या तालमीत हमखास कोणीतरी एक जण वॉल्ट्झबरोबर वाहत जातो आणि बाकीचे तिघे कागदाला चिकटून राहतात. उपाय असा की वाद्यं खाली ठेवून चौघांनी आपापला भाग टाळीवर म्हणायचा, चेलोने दोनचा ठेका धरायचा. दुसरा तुकडा ५/८ चा. आपल्या वादकांना झपतालातल्या दोन-तीनच्या विभागणीची सवय असेल तर तिथे गाडी सुरळीत चालते.

क्लाइनच्या व्हेरिएशन्समध्ये सूर ताणून भावुक करायचा मोह होतो. तालमीत एकदा मेट्रोनोम लावून, अजिबात लय न सोडता वाजवा. तेवढ्यानेच बरंच कळतं.

बोलणं आणि पत्रिका

निवेदन मराठीत किंवा इंग्रजीत, एका रचनेआधी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. नावांचे उच्चार आधी घोटून घ्या. पत्रिकेत प्रत्येक रचनेखाली साल, वाद्यं, भागांची नावं आणि अंदाजे मिनिटं छापा. नव्या श्रोत्याला टाळी कधी वाजवायची याचं दडपण असतं, भागांची यादी समोर असली की ते जातं. मध्यंतरानंतर उशिरा येणाऱ्यांसाठी दारावर एक माणूस हवाच, चालू तुकड्यात दार उघडायचं नाही.

चौथ्या मैफलीआधी अर्धा तास बेने इस्रायल कीर्तनावर एखादं सप्रयोग व्याख्यान जमलं तर फार छान. बायबलमधली आख्यानं मराठी कीर्तनाच्या बाजात सांगायची ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे आणि मराठी श्रोत्याला ती लगेच आपली वाटते. मध्यंतरात चहा आणि शाकाहारी खाऊ ठेवा, म्हणजे कोशेरचा (ज्यूंच्या आहारनियमांचा) प्रश्न बराचसा हलका होतो. 'स्थानिक रंग' म्हणून मलिदा ठेवण्याची सूचना कोणीतरी करेलच. पोहे-नारळ-गूळ-फळांचा तो पदार्थ एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थनेबरोबर केला जातो. स्टॉलवर वाट्यांतून विकू नका.

प्रश्नोत्तरं ठेवलीत तर इस्रायल-पॅलेस्टाइनवरचा प्रश्न येणार हे धरून चाला. निवेदकाने एका वाक्यात, न चिडता सांगावं की ही मालिका मांतुआ, बर्लिन, प्राग आणि मुंबईतल्या संगीतकारांची आहे, आणि पुढचा हात वर आहे तिकडे वळावं.

पैसा

खर्चाचे मोठे वाटे चार: वादक, हॉल, पियानो, नोटेशन. वादकांचा वाटा सर्वांत मोठा हवा. तो नसेल तर कुठेतरी उगाच फ्लेक्स आणि पुष्पगुच्छांवर पैसा चाललाय. तिकिटावर एवढा खर्च निघत नाही, म्हणून चारही मैफलींचा एकत्रित पास विका. त्यामुळे पहिल्या मैफलीआधी हातात रोकड येते. प्रायोजकाला नाव पत्रिकेत द्या, स्टेजवर पाच मिनिटं देऊ नका. शेवटच्या दोन रांगा विद्यार्थ्यांना फुकट ठेवा. पुढच्या वर्षीचा व्हिओलावादक कदाचित तिथेच बसलेला असेल.

मैफलीच्या दिवशी दुपारी तीनला हॉल ताब्यात घ्या. हात नसलेल्या चार खुर्च्या (हात असले की कोपर अडतं), चार जड स्टँड, स्टँडचे दिवे आणि त्यांचे जादा सेल, पानं उलटणारा एक माणूस, ए आणि ई तारांचे सुटे संच. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर वादकांची आणि हक्कदारांची परवानगी आधीच लेखी घ्या. वाजवण्याची परवानगी म्हणजे यूट्यूबवर टाकण्याची परवानगी नव्हे. मानधनाची पाकिटं त्याच रात्री द्या, आणि भाड्याने आणलेले पार्ट मोजून, पेन्सिलच्या खुणा खोडून, दुसऱ्या दिवशी कुरियरला टाका.